पिवळ्या दोऱ्याची तपासणी

शर्टाच्या कारखान्यात तिला सगळ्याजणी भिंगबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. बावीस वर्षं ती एकाच लांब टेबलाशी, एकाच पांढऱ्या दिव्याखाली उभी राहून तयार शर्ट तपासत होती. कॉलर, कफ, काज, बटण, बगलेची शिवण. इंचाला बारा टाके; अकरा चालायचे नाहीत आणि तेराही चालायचे नाहीत. चूक दिसली की ॲप्रनच्या खिशातल्या कागदावरून एक लाल बाण सोलायचा, टोक चुकीकडे करून शर्टावर चिकटवायचा आणि शर्ट डावीकडच्या पेटीत टाकायचा. तिच्या हातून वाकडी शिवण सुटून गेली असं आजवर कुणी सांगितलेलं नाही.

अडचण एवढीच, की संध्याकाळी ॲप्रन खुंटीला लावून येता येई, डोळे नाही. ते घरी यायचे. भिंतीवरचं कॅलेंडर किती तिरकं आहे, चटणीच्या बाटल्यांत कुठली पुढे आली आहे, हे दारातूनच दिसायचं. नवरा टपाल वाटायचा, स्वभावानं गमत्या. "मला वाढतेस की तपासतेस?" असं तो जेवताना विचारी. एकदा त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर एक लाल बाण चुकून चिकटून राहिला आणि तो बाण मिरवत हा माणूस दिवसभर घरोघर पत्रं टाकत फिरला. संध्याकाळी म्हणाला, "बरोबर आहे, माल सदोषच आहे."

वरच्या मजल्यावर थोरले दीर आणि जाऊबाई राहत. जाऊबाई म्हणजे मऊ स्वभावाचं माणूस. त्यांनी चादरीची घडी घातली की दोन कडा कधी भेटायच्या नाहीत. गच्चीवर दोघींचे कपडे शेजारी शेजारी वाळत, आणि जाऊबाईंनी घडी घातलेली चादर भिंगबाई उलगडून परत घालून ठेवी. पंचवीस वर्षं हेच चाललं होतं. जाऊबाई बघत आणि म्हणत, "बरं झालं." भिंगबाईला वाटे, आपण मदत करतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण आधी ती खोड आहे हे तरी कळायला हवं ना.

तर या जाऊबाई गेले चार महिने दर शनिवारी दुपारी तीनला रिकामी पिशवी घेऊन बाहेर पडत आणि साडेपाचला रिकामीच पिशवी घेऊन परत येत. बरं, येताना जिन्यात एकट्याच हसत. भिंगबाईनं दोनदा आडून आडून विचारलं. "जरा पाय मोकळे करून आले," एवढंच उत्तर. ताकाला तूर लागू देतील तर शपथ. पण भिंगबाईच्या डोळ्यांसमोरून दोरा सुटणं शक्य नव्हतं. एका शनिवारी जाऊबाईंच्या खांद्यावर हिरव्या दोऱ्याचा तुकडा होता. पुढच्या शनिवारी नारिंगी. त्याच्या पुढच्या शनिवारी कोपराला जांभळा, आणि वरच्या घरात जांभळं काहीही नव्हतं, हे भिंगबाईला स्वतःच्या कपाटाइतकं पक्कं माहीत होतं. तिला झोप लागेना असं नाही, पण तपासताना हात मात्र मंदावला. बाई शिवतात? घडी जमत नाही आणि शिवतात? कुठं, कुणाकडे, आणि हसण्यासारखं काय असतं त्यात?

चौथ्या शनिवारी ती मांजराच्या पावलांनी मागोमाग गेली.

जाऊबाई दोन गल्ल्या ओलांडून लॉन्ड्रीशी थांबल्या. लॉन्ड्री दुपारी बंद असते, शटर गुडघ्याएवढं उघडं होतं. जाऊबाई वाकून आत शिरल्या. भिंगबाई पाच मिनिटं समोरच्या बाजूला उभी राहिली, मग न राहवून शटरशी जाऊन पार कमरेतून वाकली. तिला टेबलाखालचे पाय दिसले. पाच जोड्या, सगळे अनवाणी, आणि एक पाय खुशाल हलत होता. तेवढ्यात शटर कर्रकन वर गेलं.

"वाकून बघण्यापेक्षा आत येऊन बसा," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "कंबर धरेल."

आत इस्त्रीचं मोठं टेबल होतं आणि त्याभोवती स्टुलं. डोक्यावर नंबर लावलेले कोट आणि झगे पिशव्यांत टांगलेले, खोलीला ओल्या वाफेचा वास. टेबलावर कापडाचे तुकडे, दोऱ्यांचा गुंता, बटणं. एका बाजूला बस कंडक्टर बसली होती, अजून खाकी शर्टातच. तिच्या शेजारी दातांची डॉक्टर आणि कोपऱ्यात एक शाळेतली बाई, जी फारशी बोलायची नाही. आणि जाऊबाई. त्यांनी धाकट्या जावेकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू जरासं आत गेलं, हे भिंगबाईला दिसलं. तिला काय दिसत नाही!

"आलीस?" जाऊबाई म्हणाल्या. "बस."

नियम कंडक्टरनं सांगितले, तिकिटं फाडावीत तसे फटाफट. कापड म्हणजे वर्षभर कुणी न्यायला आलं नाही त्या कपड्यांचं. ज्याला जे सुचेल ते त्यावर करायचं. छान आहे म्हणायचं नाही, हे काय आहे असंही विचारायचं नाही. विचारायचं झालंच तर एकच शब्द, "मग?" पाच वाजता लॉन्ड्रीवाली गिऱ्हाइकांची घंटी वाजवते, सुई जिथं असेल तिथं थांबायची. सगळी कापडं टोपलीत जातात आणि प्रत्येकीनं डोळे मिटून एक उचलायचं. ते आठवडाभर घरी न्यायचं, येता-जाता दिसेल असं ठेवायचं, पण सुई लावायची नाही, ओळख होऊ द्यायची. पुढच्या शनिवारी त्यावर पुढचं काम. म्हणजे कापड कुणाचंच नाही.

"आणि उसवायचं नाही," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "एकदा घातलेला टाका राहतो."

"चुकला तर?" भिंगबाईनं विचारलं.

"चुकायला आधी बरोबर काय ते ठरलेलं असावं लागतं," डॉक्टर म्हणाली. "आठवडाभर मी अगदी बरोबरच दात बसवते. इथं नको."

भिंगबाईला एका कोटाची पाठ मिळाली, करडी. सुई मिळाली, जाऊबाईंनीच ओवून दिली. "काय करायचंय?" तिनं विचारलं. "वाटेल ते." "माप?" "नाही." "म्हणजे पिशवी होणार की उशी?" कंडक्टरनं नुसता दोरा दातानं तोडला. भिंगबाईनं सुई कापडाला टेकवली. तिथंच का? जरा वर टेकवली. तिथं तरी का? तिला एकदम आठवलं, आठ वर्षांची असताना तिनं घरातल्या पडद्याला सात खिसे शिवले होते, एकात खडा, एकात पीस, आणि एक मुद्दाम रिकामा, पुढं काही सापडलं तर असावा म्हणून. तेव्हा कुणाला विचारलं होतं? पहिला खिसा कुठं घालायचा हे कसं ठरलं होतं? ही तिला खरोखरच कुतूहलाची गोष्ट वाटली. त्या मुलीला गाठून विचारावंसं वाटलं. दुसऱ्यांचे लाखो शर्ट नजरेखालून घातलेल्या या बाईला दोन तासांत एक टाका घालता आला नाही. शेजारी कोण काय शिवतंय हे बघायला मानही वर झाली नाही. घाम मात्र आला. पाच वाजले, घंटी झाली.

टोपलीतून तिच्या हाती आलं ते निळं कापड, टेबलक्लॉथच्या आकाराचं. त्यावर आधी कुणीकुणी बटणांची रांग लावलेली, एक पान, एक शिडीसारखं काहीतरी. आणि या सगळ्यांमधून एक पिवळा धावदोरा गेला होता. काय तो धावदोरा! एका इंचात दोन टाके, तर दुसऱ्यात नऊ. डावीकडे निघाला, बटणापाशी अडखळला, मागे वळला, उगाच एक गिरकी घेतली आणि कडेच्या चार बोटं आधी थांबला. घंटी झाली असणार.

तिनं ते घरी टेबलावर पसरलं. रविवारी सकाळी दिसलं. सोमवारी चहा पिताना दिसलं. मंगळवारी तिनं त्याकडे पाठ करून जेवायला घेतलं, तर पाठीला दिसायला लागलं. मुलगी शिकायला बाहेरगावी असते, तिचा फोन आला तेव्हा बोलता बोलता हिची नजर त्या गिरकीवर. बुधवारी कारखान्यातून आल्या आल्या तिनं टाके उसवायचं छोटं हत्यार काढलं.

नियम तिला आठवत नव्हता असं नाही. पण तिनं मनाशी वाद घातला: आपण शनिवारी काहीच केलं नाही, निदान एवढी भर तरी घालावी. लोकांना बरं वाटेल.

"कुणाचं आहे हे?" नवऱ्यानं विचारलं.

"कुणाचंच नाही."

"मग सुधारतेस कुणासाठी?"

तिनं त्याला दिवा जवळ धरायला सांगितलं. पिवळा दोरा एकसंध निघाला, सवयीनं तिनं तो डबीत टाकला. नवा पिवळा दोरा घेऊन फूटपट्टीनं आखलेल्या रेषेवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, इंचाला बारा. मग पाणी शिंपडून कडक इस्त्री. इतक्या वर्षांत स्वतःच्या हातानं शिवलेलं हे पहिलंच, आणि एक बाण लावायला जागा नव्हती. तिला अगदी हलकं वाटलं.

शनिवारी तिनं ते टेबलावर उलगडलं आणि वाट पाहिली. कुणीतरी "मग?" म्हणायला हवं होतं. कुणीच म्हणालं नाही. त्या रेषेला पुढं काही विचारण्यासारखं नव्हतंच.

"कवळी," डॉक्टर शेवटी हळूच म्हणाली. "सगळे दात सारखे."

जाऊबाईंनी कापड जवळ ओढलं. जिथं गिरकी होती तिथून बोट फिरवलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या आणि सुयांचा डबा पुढं घेऊन एकेक सुई ओवायला लागल्या. पाच वाजेपर्यंत त्यांनी दुसरं काही केलं नाही. घरी येताना दोघी एकाच रस्त्यानं आल्या, पण जिन्यात कुणी हसलं नाही.

पुढच्या शनिवारी तीन वाजले, सव्वातीन झाले, वरचं दार वाजलं नाही. भिंगबाई एकटीच गेली. जाऊबाईंचं स्टूल रिकामं. कंडक्टर चष्मा कपाळावर ढकलून सुईच्या नेढ्याशी झटापट करत होती. "आज सुया कोण ओवणार?" ती म्हणाली.

"दर वेळी वहिनीच ओवतात?" भिंगबाईनं विचारलं.

लॉन्ड्रीवालीनं इस्त्रीचा प्लग काढला, हात पुसले आणि तिच्या समोर येऊन बसली. "बाई, तुम्हाला ठाऊक नाही म्हणून सांगते. तुमच्या जाऊबाई चार महिने येतायत आणि चार महिने फक्त सुया ओवतायत. आमच्या. टोपलीतलं कापडही घरी नेत नव्हत्या. म्हणायच्या, मला नाही येत, मी बिघडवीन, तुमचं बघते तेच पुरे. आम्ही कधी आग्रह केला नाही. तो पिवळा दोरा त्यांचा पहिला होता."

भिंगबाईनं मान वळवून त्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. तिला कापड बघूनच का कळलं नाही? चादरीच्या कडा जशा भेटत नाहीत तसाच तो धावदोरा होता, पंचवीस वर्षं ओळखीचा. परक्या शिवणीवरून शिवणारीचा हात ओळखणारी ती, आणि घरातला हात तिला ओळखता आला नाही. कारण तो हात तिनं कधी बघितलाच नव्हता, फक्त त्याच्या चुका बघितल्या होत्या. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणून सुटताही येईना, कारण ती हेच करायला गेली होती.

तिनं निळं कापड मागून घेतलं आणि तडक घर गाठलं. आधी डबी काढली. उसवलेला दोरा तसाच होता, जिथं जिथं वळला होता तिथं तिथं अजून बाक धरून, वेणी सोडल्यावर केस राहतात तसा. मग तिनं आपली सरळ रेषा उसवली. हो, पुन्हा नियम मोडला. पण या टाक्यांचं तिला काही वाटलं नाही. कापड खिडकीच्या काचेला लावलं, खरंखुरं भिंग डोळ्याला लावलं आणि जुनी भोकं शोधायला लागली. सुई गेली की कापडाला आठवण राहते. फक्त इस्त्री ती आठवण पुसते. आणि इस्त्री कुणी केली होती? कडक, पाणी शिंपडून? तिनं ॲप्रनमधले लाल बाण काढले आणि सापडलेल्या प्रत्येक भोकाशी एक लावला. एक्केचाळीस भोकं मिळाली, गिरकीच्या मध्यापर्यंत. तिथून पुढं कापड गुळगुळीत.

ती कापड, डबी आणि बाणांचा कागद घेऊन वर गेली. जाऊबाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. दीर झोपले होते. टेबलावर नुकत्याच घडी घातलेल्या चादरी होत्या, त्यांच्या त्यांच्या पद्धतीच्या.

"वहिनी, मी तुमचं काम उसवलं," भिंगबाई म्हणाली. "तुमचं आहे हे मला माहीत नव्हतं. पण दुसऱ्या कुणाचं असतं तरी उसवायला नको होतं. मला फार वाईट वाटतंय."

जाऊबाईंनी स्टूल पायानं पुढं ढकललं. भिंगबाई बसली. लाल बाणांनी भरलेलं कापड मध्ये पसरलं.

"एक्केचाळीस भोकं सापडलीत. तेवढं मी तुमच्याच दोऱ्यानं जसंच्या तसं घालते. पुढचं इस्त्रीनं बुजलंय. पुढं कसं गेला होता ते तुम्ही सांगा."

"मला काय माहीत?" जाऊबाई म्हणाल्या. "दोरा जिकडे जाईल तिकडे मी. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं."

मग त्यांनी चादरींचा ढीग बाजूला सरकवला. बोलल्या तेव्हा आवाज चढला नव्हता, पण भिंगबाईनं त्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

"तू माझ्या चादरी परत घालतेस, मी म्हणते हिला त्यात बरं वाटतं, घालू दे. बटाटे मी चिरले की तू सारखे करतेस, मी म्हणते करू दे. हळूहळू मलाच वाटायला लागलं की माझा हात म्हणजे कच्चा माल, तुझ्याकडून पास व्हायचा. तिथं तू नव्हतीस म्हणून मी जायला लागले. खरं सांगते. आणि तू आलीस तेव्हा म्हटलं, संपलं. पण तू तर सुई धरून नुसती बसलीस. दोन तास. तुला घाम आला. तुला येत नाही असं काहीतरी या जगात आहे, हे बघून मला इतका धीर आला म्हणून सांगू! म्हणून मी त्या दिवशी दोरा घेतला."

भिंगबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला हसूही यायला लागलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ती नाक पुसत बसली.

"सुई ओवून देता?" ती म्हणाली. "मला आत्ता दिसत नाहीये."

जाऊबाईंनी तोच बाक धरलेला दोरा ओवला. भिंगबाईनं एकेक बाण काढत एकेका भोकातून सुई नेली. इथं दोन टाके, इथं नऊ. हाताला वाकडं जायची सवय नव्हती, तो दर वेळी सरळ पळायला बघे. पण भोक तिथं होतं आणि त्याचं ऐकावं लागत होतं. बटणापाशी अडखळून मागे वळताना तिला पहिल्यांदा जाणवलं, की इथं जाऊबाईंना बटण आवडलं असणार, म्हणून त्या थोड्या थांबल्या. गिरकीच्या मध्यावर एक्केचाळिसावं भोक संपलं. पुढं सगळीकडे निळं. सुई हवेत राहिली.

"आता?" तिनं विचारलं.

जाऊबाईंनी खुर्चीला पाठ टेकली. "मग?" त्या म्हणाल्या.

भिंगबाईनं खोलीत बघितलं, चादरींकडे, झोपलेल्या दिरांच्या बंद दाराकडे, जणू कुठं आखून ठेवलं असेल. मग सुई खाली टेकवली आणि पहिल्यांदाच जिथं टेकली तिथंच खुपसली. टाका आला. तिनं वाकून पाहिला.

जाऊबाईही वाकल्या. त्यांनी तो टाका अगदी बारकाईनं तपासला, पांढऱ्या दिव्याखाली तपासावा तसा. मग कागदावरून एक लाल बाण सोलला आणि टोक त्याच्याकडे करून शेजारी चिकटवला.

"सरळ आलाय," त्या म्हणाल्या. "नापास."

भिंगबाईचा हात आपसूक टेबलावरच्या कात्रीकडे गेला. जाऊबाईंनी कात्री आपल्या बाजूला ओढून घेतली.

"उसवायचं नाही," त्या म्हणाल्या. "राहू दे. दुसरा घाल."

भिंगबाईनं दुसरा टाका घालायला घेतला. जाऊबाईंनी आणखी एक बाण सोलून बोटावर तयार ठेवला होता.